गावच्या जुन्या शेतकरी आमदाराचं चरित्र लिहायचंय? आधी सोसायटीचं प्रोसिडिंग उघडा

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड, कुठंही जा, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या जुन्या विकास सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर एक फोटो असतोच. गांधी टोपी नाहीतर फेटा, बंद गळ्याचा कोट, खाली लिहिलेलं असतं संस्थापक चेअरमन, माजी आमदार. गावातल्या पोरांना विचारलं की हे कोण तर म्हणतात मोठं काम होतं त्यांचं, आणि पुढं गाडी सरकत नाही. माणूस घरचं औत सोडून लोकल बोर्डावर गेला, तिथून मुंबईला असेंब्लीत गेला, परत येऊन पन्नास घरांना सोसायटी म्हणजे काय ते समजावत बसला, आणि आता एवढंच उरलं की मोठं काम होतं. म्हणून हे लिहितोय. नातवंडं, शिक्षक, सोसायटीचे तरुण डायरेक्टर, कोणालाही असं चरित्र लिहायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, काय शोधायचं, काय टाळायचं ते सगळं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. सहकार शिकवणारा माणूस किती मोठा होता हे त्याच्या पदांच्या यादीवरनं कळत नाही. त्याच्या आधी सभासदाला काय येत नव्हतं आणि त्याच्यानंतर काय यायला लागलं, यावरनं कळतं. सही करता येणं, कर्जाचं व्याज स्वतः मोजता येणं, ताळेबंद वाचता येणं, भर सभेत उभं राहून चेअरमनला प्रश्न विचारता येणं. हे धरून शोधलं तर चरित्रात जीव येतो, नाहीतर गौरव अंक होतो, आणि गौरव अंक कपाटात पडून असतात, कोणी वाचत नाही.

पहिलं काम म्हणजे एका मोठ्या कागदावर सालं मांडा. डावीकडं त्या माणसाची सालं, उजवीकडं जगाची. उजवी बाजू मी थोडी भरून देतो. दख्खनमधे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव १८७५ चा, त्यानंतर सरकारला जाग आली. पतपुरवठा सोसायट्यांचा पहिला कायदा १९०४ चा, मग १९१२ चा, मुंबई प्रांताचा स्वतःचा सहकारी कायदा १९२५ चा, आणि आजचा महाराष्ट्राचा १९६० चा. सोसायटीच्या नोंदणीवर कुठला कायदा लिहिलाय त्यावरनंच सोसायटी कुठल्या काळातली ते कळतं. शिक्षणाच्या बाजूनं बघा, नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज निघाला १९१४ साली, उदोजी मराठा बोर्डिंगची कोनशिला राजर्षी शाहू महाराजांनी बसवली १९२० ला. तुमचा माणूस त्या काळात पोरगा असेल तर तो कुठल्या बोर्डिंगात राहिला, फी कोणी भरली, जेवणाचं कसं भागलं हे शोधाच, कारण पुढं तो शिक्षणाच्या मागं का लागला याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच असतं.

आता राजकारणाची सालं. १९३७ ला मुंबई प्रांताच्या असेंब्लीची निवडणूक झाली, १७५ जागा होत्या, बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं, शेतसारा भरणाऱ्याला, थोड्याफार शिकलेल्याला होतं. खेर सरकारनं १९३९ ला राजीनामा दिला, १९४६ ला परत आलं. सगळ्यांना मत मिळून निवडणूक झाली ती १९५१-५२ ला. मग १९६० ला महाराष्ट्र, आणि १९६२ ला जिल्हा परिषद आली, त्याच्या आधी लोकल बोर्ड. त्यामुळं कोणी सांगितलं की आजोबा १९५० ला जिल्हा परिषदेवर होते तर समजायचं लोकल बोर्ड असणार, किंवा स्कूल बोर्ड. लिहिताना लोकांनी सांगितलेलं आणि कागदावरचं जुळवून घ्यायचं.

सालं मांडून झाली की सोसायटीत जा. इथंच खरा खजिना आहे आणि इथंच लोक जात नाहीत. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही मागा, एक पंच कमिटीचं, म्हणजे संचालक मंडळाचं, आणि एक सर्वसाधारण सभेचं, दोन्ही वेगळी असतात. सभासदांचं आय रजिस्टर (नमुना I) मागा, जे नमुन्यातली (नमुना J) सभासदांची यादी मागा, जुने ऑडिट मेमो आणि दोष दुरुस्ती अहवाल मागा. सेक्रेटरी आधी म्हणेल की एवढं जुनं काही नाही, माळ्यावर असेल, उंदरांनी खाल्लं असेल. घाई करू नका, चहा घ्या, परत जा. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं सभासदाला सभेची इतिवृत्तं, सभासद रजिस्टर आणि शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद संस्थेच्या ऑफिसात फुकट बघायचा हक्क आहे, त्यामुळं तुम्ही स्वतः सभासद नसाल तर चुलत्याला, मामाला सोबत घ्या आणि त्याच्या नावानं साधा अर्ज द्या. नोंदणीची फाईल, पोटनियम वगैरे तालुक्याच्या ए.आर., म्हणजे सहायक निबंधकाच्या ऑफिसात असतात, ते सरकारी ऑफिस आहे, तिथं माहिती अधिकार टाकता येतो.

प्रोसिडिंग वाचायचं कसं ते थोडं सविस्तर सांगतो कारण पहिल्यांदा सगळी पानं सारखीच वाटतात. आजच्या सभेस खालीलप्रमाणे सभासद हजर, मग सह्या, मग विषय नंबर एक, ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पाच-सहा पानांत कंटाळा येतो. ठराव जरा बाजूला ठेवा आणि सह्या बघा. निफाड तालुक्यातल्या एका सोसायटीच्या जुन्या प्रोसिडिंगमधलं एक पान सांगतो. निळी शाई उडून तपकिरी झालेली, हजर सभासदांच्या यादीत एक सही मोडीत, चार-पाच बाळबोध म्हणजे देवनागरीत, आणि बाकी सगळे अंगठे, प्रत्येक अंगठ्याशेजारी सेक्रेटरीच्या अक्षरात नि. डा. हा. अं. (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) आणि नाव. आता त्याच वहीत काही वर्षं पुढं या. तीच नावं, पण त्यातल्या काही अंगठ्यांच्या जागी सह्या आल्यात. एका सभासदाची सही इतकी जोर लावून केलीय की निब कागदात रुतलंय, पाठीमागच्या पानावर हात फिरवला तर अक्षर बोटाला लागतं, आडनावाचं शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलंय. मधल्या वर्षांच्या ठरावांत शोधलं तर एक ठराव सापडतो, रात्रीच्या वर्गासाठी कंदील आणि रॉकेलचा खर्च मंजूर, सूचक कोण तर आपलेच संस्थापक चेअरमन. झालं की नाही काम! त्या माणसानं सहकार कसा शिकवला यावर पाच पानांचं भाषण लिहिण्यापेक्षा हे एक पान आणि तो रॉकेलचा ठराव नुसता सांगितला तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं.

तसंच प्रश्न शोधा. सर्वसाधारण सभेत कोणी सभासदानं विचारलं की नफा एवढा दाखवला मग लाभांश का नाही, खताच्या पोत्यामागं एवढी वाढ का, अमुक पंचाची थकबाकी वसूल का नाही केली. असा प्रश्न पहिल्यांदा कुठल्या साली दिसतो ते टिपून ठेवा, आणि चेअरमननं काय उत्तर दिलं तेही. चांगला सहकारी माणूस असेल तर प्रश्न वाढत गेलेले दिसतात. सगळी वर्षं फक्त सर्वानुमते मंजूरच दिसत असेल तर त्याचाही अर्थ आहे, तोही लिहावा लागतो.

काही बारक्या गोष्टी ध्यानात ठेवा. जुने आकडे रुपये-आणे-पैत असतात, दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्यामुळं आधीच्या रकमा तशाच लिहा, उगाच आजच्या रुपयात करून सांगू नका. सहकारी वर्ष पूर्वी ३० जूनला संपायचं, ताळेबंदाची सालं लावताना गोंधळ होतो. मोडीत काही सापडलं तर अंदाजानं वाचू नका, नाशिकमधे मोडी शिकलेली माणसं आहेत, पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गातनं तयार झालेली, त्यांना दाखवा. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, वही पूर्ण उघडून दाबू नका, खिडकीशेजारी उजेडात मोबाईलनं फोटो काढा आणि आधी वहीच्या कव्हरचा फोटो, मग पानांचे, म्हणजे घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या वहीतलं ते कळतं. आणि वही घरी न्यायची नाही, सेक्रेटरी हो म्हणाला तरी नाही.

आता मुंबईकडचं काम. माणूस असेंब्लीत किंवा कौन्सिलात होता तर त्याची भाषणं छापलेली असतात. विधानमंडळाची साईट बघा, मुंबईला विधानभवनाचं ग्रंथालय आहे, पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, तिथं जुनं सहकारावरचं साहित्य भरपूर. नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा घोळ होतो, हिरे आडनावच घ्या, भाऊसाहेब हिऱ्यांचं आडनाव इंग्रजीत शेवटी ए वाय लावून लिहितात, तसं तुमच्या माणसाचंही तीन-चार तऱ्हेनं शोधा. नुसतं नाव शोधून दमू नका, कायद्यावरनं शोधा. शेतकऱ्याचा माणूस कुठल्या चर्चेत उठून बोलला असेल? १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा, त्याच साली आलेला शेतमाल बाजाराचा कायदा, १९४६ चा सावकारीचा, १९४७ चा तुकडेबंदीचा, १९४८ चा कूळकायदा. या चर्चांच्या तारखा काढा आणि त्या दिवसांची पानं चाळा. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, ती आभाळातनं पडली नाही, आधी कायदा झाला, मग जिल्ह्यातल्या माणसांनी धावपळ केली, व्यापाऱ्यांचा विरोध झाला, तेव्हा कुठं काटा उघड्यावर आला आणि लिलाव सगळ्यांसमोर व्हायला लागला. तुमचा माणूस त्यात कुठं होता ते विचारा.

आणि एक महत्त्वाचं, कूळकायद्याच्या वेळी त्याची स्वतःची जमीन किती होती आणि कुळं किती होती ते तलाठ्याकडं जुने फेरफार काढून बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्या वेळी भाऊसाहेब हिऱ्यांसारखा नाशिक जिल्ह्यातलाच माणूस मुंबई राज्याचं महसूल खातं सांभाळून गेलेला होता, सगळा जिल्हा या कायद्यानं ढवळून निघाला होता. सभेत कुळांच्या बाजूनं बोलणाऱ्यानं घरी काय केलं, हे चरित्रात आलंच पाहिजे. चांगलं केलं असेल तर त्याची उंची आपोआप दिसते. नसेल केलं तर तेही एका वाक्यात सरळ लिहा.

निवडणुकीचे आकडे १९५१-५२ पासूनचे निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतात. मतदारसंघांची नावं आणि हद्दी सारख्या बदलल्यात, आज जिल्ह्यात १५ आहेत, तेव्हा वेगळे होते आणि काही ठिकाणी एकाच मतदारसंघातनं दोन आमदार जायचे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. पराभव लपवू नका. पडलेल्या निवडणुकीनंतर माणूस काय करत होता तो काळ सोसायटीच्या वहीत सगळ्यात जास्त दिसतो, कारण तेव्हा तो गावात असतो.

वर्तमानपत्रासाठी नाशिकमधे सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे, तिथं विचारा, जुन्या 'गावकरी' दैनिकाचे अंक कुठं मिळतील तेही तिथं कळेल. जिल्ह्याचं गॅझेटिअर दोनदा निघालंय, १८८३ ला आणि सुधारित १९७५ ला. दोन्हीत आपल्या तालुक्याचं पान वाचलं की मधल्या काळात पाणी, पिकं, रस्ते, शाळा किती बदलल्या ते समजतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायला मात्र उशीर करू नका, कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. पण जाताना प्रश्न घेऊन जा. दादा, कसे होते हो ते, असं विचारलं की उत्तर एकच येतं, देवमाणूस होता. याच्यातनं काहीच मिळत नाही. त्याऐवजी विचारा, आजोबा, तुम्ही सोसायटीतनं पहिलं कर्ज घेतलं ते कशासाठी, बैलासाठी की इंजिनासाठी? जामीन कोण होतं? त्याच्या आधी पैसे कुणाकडनं घ्यायचात, काय लिहून द्यायला लागायचं? सही कुणी शिकवली? सभेत पहिल्यांदा कधी बोललात, काय बोललात, चेअरमन रागावले का? थकबाकी झाली तेव्हा वसुलीला कोण आलं, भांडी उचलली का? आजीबाईंना वेगळं विचारा, त्यांच्या समोर कर्त्या माणसाला बसवू नका. आजी, सोसायटीचा पैसा घरात आला की तुमच्या हातात किती यायचा, हा प्रश्न विचारून बघा, चरित्राला एक वेगळंच प्रकरण मिळतं.

सालं त्यांना आठवत नाहीत, ते बरोबरच आहे, तुम्ही खुणा द्या. नाशिकचा १९६९ चा पूर, त्याच्या आधीचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८० ला शरद जोशींचं ऊस-कांद्याचं आंदोलन, खेरवाडीचा रेल रोको. सोसायटीचं गोडाऊन दुष्काळाआधी झालं की नंतर, असं विचारलं की लगेच सांगतात. दोन माणसांचं जुळलं नाही तर दोघांचंही लिहा, कोण खरं ते तुम्ही ठरवत बसू नका, कागद सापडला तर कागद ठरवेल.

सहकार शिक्षणाचं म्हणाल तर त्यासाठी थोडं बाहेरही बघा. पुण्याचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ १९१८ च्या मूळ संस्थेपासून चालत आलाय, त्यांचे जिल्हा सहकारी बोर्डांमार्फत सभासदांचे, पंचांचे, सेक्रेटऱ्यांचे वर्ग चालायचे. जुन्या ट्रंकेत असल्या वर्गाचं प्रमाणपत्र, फोटो, जी.डी.सी. अँड ए. या सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या परीक्षेची पुस्तकं सापडली तर जपा. हे वर्ग का लागत होते ते एका आकड्यात कळतं. १९५१-५२ ला रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली, त्यात शेतकऱ्याच्या एकूण कर्जातलं सोसायट्यांकडनं आलेलं कर्ज फक्त ३.१ टक्के निघालं. म्हणजे कायदा होऊन पन्नास वर्षं होत आली होती, ठिकठिकाणी सोसायटीच्या पाट्या लागल्या होत्या, आणि माणूस तरी सावकाराच्याच ओट्यावर बसलेला. नुसती संस्था नोंदवून चालत नाही, सभासद तयार करावा लागतो, हे ज्या शेतकऱ्यांना तेव्हा कळलं ते मग रात्री कंदील घेऊन वर्ग घेत बसले. प्रवरेला साखर कारखाना उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ, इकडं आपल्याकडं काकासाहेब वाघ, या माणसांकडं बघितलं की कारखाना आणि शिक्षण त्यांनी कधी वेगळं काढलंच नाही हे दिसतं. निफाडचा कारखाना भाऊसाहेबनगरला, आणि वाघांच्या नावानं नाशिकला शिक्षण संस्था, दोन्ही एकाच ओढीतनं आलेलं.

यादीत कोण नाही तेही बघा. आय रजिस्टर पुढं घ्या आणि गावातली सगळी आडनावं आठवा. शेअर घ्यायला जमीन लागायची, मग मजूर कुठं होते, महारवाड्यातली माणसं कुठं होती, बायका किती, पेठ-सुरगाण्याकडं आदिवासी सभासद कधीपासून दिसतात? याच जिल्ह्यात १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड १९३७ ला त्याच असेंब्लीत निवडून गेले आणि पुढं भूमिहीनांसाठी लढले. तुमचा माणूस या सगळ्याच्या वेळी नाशिक जिल्ह्यातच होता. तो काय म्हणाला, काय म्हणाला नाही, त्याच्या बोर्डिंगात कुठल्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायची, हे विचारल्याशिवाय चरित्र पुरं होत नाही. घरच्यांना हे प्रश्न आवडत नाहीत. तरी विचारा, नीट आदरानं विचारा.

लिहायला बसाल तेव्हा जन्मगावापासून सुरू करायची गरज नाही. जिथं भांडण आहे तिथनं सुरू करा, बाजार समितीचा वाद असेल, पाटाच्या पाण्याचा असेल, थकबाकीदार पंचाला काढायचा ठराव असेल. मग मागं जा. पदव्या एकदाच लिहा, प्रत्येक वाक्यात कर्मवीर, सहकारमहर्षी लावत बसलं की माणूस दिसत नाही. त्यांनी अमुक केलं असं लिहिलं की स्वतःला विचारा, सोबत कोण होतं? सेक्रेटरीचं नाव लिहा, पहिल्या शिक्षकाचं लिहा, बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं लिहा. हयात माणसांचं खाजगी काही, कुणाचं कर्ज, कुणाची जप्ती, ते त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही. आणि पुढं संस्था बंद पडली असेल, कारखान्याची चिमणी थंड असेल, तर तेही लिहा. जिल्ह्यातले कारखाने वर्षानुवर्षं बंद राहिलेले सगळ्यांनी बघितलेत. लावणाऱ्याची चूक किती, नंतरच्यांची किती, पाण्याची आणि उसाची किती, कर्जाची किती, हे ऑडिट मेमोतनं आकड्यांसकट मांडता येतं.

कच्चा मजकूर झाला की छापायला टाकू नका. सोसायटीच्या ऑफिसात पाच-सात जुन्या सभासदांना बसवा आणि मोठ्यानं वाचा. ते मधेच थांबवतील, अहो तो ठराव नाही, त्याच्या आधीच्या वर्षीचा, किंवा ते पोपटराव नव्हते, त्यांचे थोरले भाऊ होते. सगळं टिपून घ्या, जमेल तेवढं परत वहीत जाऊन तपासा. छपाईला थोड्याच प्रती काढा, आजकाल शंभर प्रतीही निघतात, पीडीएफ गावाच्या ग्रुपवर टाका, एक प्रत सावानाला, एक गावच्या वाचनालयाला, एक शाळेला, आणि सगळ्या फोटोंचा पेनड्राईव्ह सोसायटीच्या कपाटात. प्रकाशन करायचंच असेल तर सहकार सप्ताह दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबरला असतो, तेव्हा ठेवा. फक्त त्या वर्षी सोसायटीची किंवा बाजार समितीची निवडणूक असेल तर पुढच्या वर्षावर ढकला आणि खर्चाला कुठल्याही पॅनलचा पैसा घेऊ नका.